मधमाशी, गांधीलमाशीचा डंख आणि तीव्र ॲलर्जी : शेतात ॲड्रेनॅलिन वेळेत कसे मिळेल?

शेतात काम करताना मधमाशी किंवा गांधीलमाशी चावणे नवीन नाही. बहुतेकांना आग होते, सूज येते आणि दोन-तीन दिवसांत ती उतरते. काही जणांच्या शरीरात मात्र एकाच डंखाने तीव्र ॲलर्जी सुरू होते. अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब एकदम खाली जातो. याला वैद्यकीय भाषेत ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. डंखानंतर काही मिनिटांत ते सुरू होऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास पहिल्या अर्ध्या तासातच जीव जाऊ शकतो.

यावरचे पहिले औषध एकच आहे : ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. अमेरिकेत याच औषधाला एपिनेफ्रिन म्हणतात. औषध जुने आणि स्वस्त आहे. शेतकऱ्याची अडचण ते मळ्यापर्यंत पोचण्याची किंवा रुग्ण त्याच्यापर्यंत पोचण्याची आहे. म्हणून ही तयारी हंगामाआधी करावी लागते.

थोडक्यात महत्त्वाचे

- डंखानंतर दम, घशात आवळ, चक्कर किंवा अंगभर गांधी यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करत थांबू नये.
- रुग्णाला आडवे झोपवावे. चालवू नये, मोटारसायकलवर बसवू नये.
- १०८ वर फोन करावा आणि ‘तीव्र ॲलर्जी, ॲड्रेनॅलिन लागेल’ असे स्पष्ट सांगावे.
- ज्याला डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिन लिहून दिले आहे, त्याने ते लक्षण दिसताच मांडीत घ्यावे.
- बरे वाटले तरी दवाखान्यात जावे. लक्षणे काही तासांनी परत येऊ शकतात.

धोका कोठे आणि केव्हा?

आग्या मधमाशी : उंच झाडे, कडे, पाण्याच्या टाक्या, पूल येथे उघड्यावर एकच मोठे पोळे करते. धूर, ढोल किंवा शिकारी पक्ष्याचा हल्ला यामुळे पोळे उठल्यास शेकडो माश्या एकदम हल्ला करतात. डंख मारताना बाहेर पडणाऱ्या गंधामुळे इतर माश्याही त्याच माणसाकडे वळतात.

सातेरी आणि मेलिफेरा : या पेटीत पाळल्या जाणाऱ्या माश्या आहेत. कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, डाळिंब, वेलवर्गीय पिके यांत परागीभवनासाठी पेट्या ठेवल्या जातात. या माश्या आग्यापेक्षा शांत असतात. ॲलर्जी असणाऱ्याला मात्र एक डंखही पुरेसा होतो.

गांधीलमाशी : गोठ्याचे छत, पंपघराचा कोपरा, बांधावरची झुडपे, जुने पाइप या ठिकाणी घर करते. तिची नांगी अंगात राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

याशिवाय लाल मुंग्यांचा चावा, शेंगदाणा किंवा मासळीसारखे अन्न आणि पेनिसिलिनसारखी औषधे यांमुळेही अशीच तीव्र ॲलर्जी होऊ शकते. कारण कोणतेही असले, तरी पहिला उपचार तोच असतो.

‘मला आजवर शंभर वेळा चावली, काही झाले नाही’ या भरवशावर राहू नये. ॲलर्जी आधीच्या डंखांनंतर तयार होते, त्यामुळे ती आयुष्यात कधीही दिसू शकते.

साधी सूज की तीव्र ॲलर्जी? असे ओळखावे

साधी प्रतिक्रिया : चावलेल्या जागीच दुखणे, लाली, सूज. हात किंवा पाय पुष्कळ सुजला तरी त्रास त्याच भागापुरता असतो. बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी यावर भागते.

तीव्र ॲलर्जी : त्रास डंखाच्या जागेपासून दूर दिसतो. पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

- त्वचा : अंगभर गांधी, खाज, चेहरा लाल होणे, ओठ-पापण्या-जीभ सुजणे.
- श्वास : घशात आवळल्यासारखे वाटणे, आवाज घोगरा होणे, कोरडा खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज, दम.
- रक्ताभिसरण : चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, नाडी जलद आणि बारीक लागणे, बेशुद्धी.
- पोट : अचानक उलट्या, पोटात मुरडा, जुलाब.
- मन : ‘काहीतरी वाईट होणार’ अशी अचानक भीती. रुग्ण असे म्हणाल्यास हसण्यावारी नेऊ नये.

त्वचेसोबत श्वास किंवा रक्ताभिसरणाचे एक जरी लक्षण दिसले, तर ती तीव्र ॲलर्जी समजावी. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत त्वचेवर काहीतरी दिसते, पण उरलेल्यांत काहीच दिसत नाही. म्हणून डंखानंतर काही मिनिटांत कोणी कोसळला किंवा त्याला दम लागला, तर गांधी नाहीत म्हणून थांबू नये.

‘पित्त उठलंय’ म्हणून होणारा उशीर

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचे पाणी लावतात. गांधीलमाशीच्या डंखावर लोखंड घासतात, चुना किंवा कांद्याचा रस लावतात. साध्या डंखात यामुळे फारसे बिघडत नाही. तीव्र ॲलर्जीत मात्र यात गेलेली दहा-पंधरा मिनिटेच महागात पडतात.

सेटिरिझीनसारख्या ॲलर्जीच्या गोळीचेही तसेच आहे. गोळीने खाज आणि गांधी कमी होतात. सुजलेला घसा मोकळा होत नाही आणि उतरलेला रक्तदाब वर येत नाही. शिवाय गोळीचा परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला तर काही तास लागतात. ही औषधे डॉक्टर नंतर देऊ शकतात, पण ती ॲड्रेनॅलिनची जागा घेत नाहीत.

ॲड्रेनॅलिन नेमके काय करते?

तीव्र ॲलर्जीत रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतील पाणी आजूबाजूच्या भागात झिरपते, श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वर आणते, घशाची सूज उतरवते, श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला जोर देते आणि ॲलर्जीची रसायने आणखी बाहेर पडणे कमी करते. इतकी कामे एकत्र करणारे दुसरे औषध नाही.

इंजेक्शन मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिले जाते. दंडापेक्षा किंवा त्वचेखाली देण्यापेक्षा मांडीतून ते रक्तात लवकर पोचते. आपल्याकडे दवाखान्यात १ मि.लि.ची काचेची कुपी असते. तिच्यात १ मि.ग्रॅ. औषध असते, यालाच ‘१:१०००’ म्हणतात. मात्रा वजनानुसार, दर किलोला ०.०१ मि.ग्रॅ. ठरते. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मि.लि. आणि ५० किलो व त्यापुढील मोठ्या माणसाला ०.५ मि.लि., यापेक्षा अधिक नाही. फरक न पडल्यास ५ मिनिटांनी तीच मात्रा पुन्हा दिली जाते.

हे आकडे डॉक्टरांशी बोलताना समजावेत म्हणून दिले आहेत. ॲड्रेनॅलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे औषध आहे. प्रशिक्षण नसताना कुपी फोडून, सिरिंज भरून देण्याचा प्रयत्न करू नये. चुकून दहापट मात्रा गेली किंवा औषध शिरेत गेले, तर हृदयाला गंभीर धोका होतो.

योग्य मात्रेनंतर छातीत धडधड, हात थरथरणे, डोके दुखणे, चेहरा फिका पडणे असे होऊ शकते. हा त्रास साधारण दहा-वीस मिनिटांत कमी होतो. ‘हृदयविकार आहे, कसे द्यायचे?’ ही शंका स्वाभाविक आहे. तरीही जीवघेण्या ॲलर्जीत हृदयरुग्णालाही ॲड्रेनॅलिन दिले जाते, कारण न देण्याचा धोका मोठा असतो. रक्तदाबासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळी चालू असल्यास ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो. हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे.

स्वयंचलित इंजेक्शन म्हणजे काय?

परदेशात ॲलर्जीचे रुग्ण पेनसारखे स्वयंचलित इंजेक्शन खिशात ठेवतात. ‘एपिपेन’ हे त्यातले परिचित नाव. त्यात ठरलेली मात्रा भरलेली असते : साधारण १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी ०.१५ मि.ग्रॅ. आणि त्यापुढील वजनासाठी ०.३ मि.ग्रॅ. अमेरिकेत २०२४ मध्ये ॲड्रेनॅलिनचा नाकात मारायचा फवाराही मंजूर झाला. आपल्या तालुक्याच्या औषध दुकानात असे पेन सहसा मिळत नाही. ज्याला पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्याला डॉक्टर पेन मागवून देतात किंवा कुपी-सिरिंज देऊन घरातील एक-दोघांना शिकवतात.

पेन असल्यास पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पेन मुठीत धरावे. कोणत्याही टोकावर अंगठा ठेवू नये. अंगठ्यात सुई घुसण्याचे अपघात होतात.

२. सुरक्षेचे टोपण काढावे.

३. सुईचे टोक मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला घट्ट दाबावे. पातळ कपड्यातून देता येते. खिशातील मोबाईल, किल्ल्या, विळी यावर टोक येत नाही ना, हे पाहावे. धोतर किंवा नऊवारीचा जाड घोळ बाजूला करावा.

४. पेनवर लिहिले असेल तेवढे सेकंद दाबून धरावे. बहुतेक पेनांत ते ३ ते १० सेकंद असते.

५. दिल्याची वेळ लिहून ठेवावी आणि वापरलेले पेन दवाखान्यात सोबत न्यावे.

मळ्यात साठवण

- २५ अंश सेल्सिअसच्या खाली, उजेडापासून दूर ठेवावे. ट्रॅक्टरची पेटी, मोटारसायकलची डिकी, उन्हातले पंपघर ही जागा नव्हे.
- फ्रीजरमध्ये किंवा थेट बर्फावर ठेवू नये. गोठलेले औषध वापरू नये.
- शेतात नेताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा किंवा छोटा थर्मास वापरावा. औषध कोरड्या पिशवीत ठेवावे.
- पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. गुलाबी, तपकिरी किंवा गढूळ झाल्यास बदलावे.
- मुदत संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.
- कुलूपबंद कपाटात ठेवू नये. ते कोठे आहे हे घरातील सर्वांना आणि सोबत काम करणाऱ्या मजुरांना माहीत असावे.

डंख झाल्यावर पहिली दहा मिनिटे

१. जागा सोडावी. माश्या उठल्या असतील तर तोंड-डोके उपरणे, पदर किंवा पोत्याने झाकून गाडीत, घरात किंवा दाट आडोशाला जावे. हातवारे करू नयेत, माश्या चिरडू नयेत. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नये. माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचा धोका वाढतो.

२. नांगी लगेच काढावी. मधमाशीची नांगी विषाच्या पिशवीसह अंगात राहते आणि बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटात आत जाते. नखाने खरवडा किंवा चिमटीत धरून ओढा, वेळ घालवू नये एवढेच महत्त्वाचे.

३. लक्षणे पाहावीत. पहिला अर्धा तास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ‘मी घरी जाऊन पडतो’ म्हणाला तरी सोबत राहावे.

४. तीव्र ॲलर्जीचे लक्षण दिसताच ॲड्रेनॅलिन जवळ असल्यास द्यावे. डॉक्टरांनी शिकवलेल्या व्यक्तीने ‘आणखी थोडे बघू’ म्हणून थांबू नये.

५. १०८ वर फोन करावा. गाव, वाडी, मळ्याचे नाव, जवळची खूण आणि फाटा सांगावा. एकाला फाट्यावर उभे करावे. मळ्यातली वाट चुकण्यात बराच वेळ जातो.

६. आडवे झोपवावे, पाय थोडे वर ठेवावेत. दम जास्त असेल तर पाय पसरून टेकून बसवावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर, गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर झोपवावे.

७. तोंडाने पाणी, चहा, काढा देऊ नये. घसा सुजलेला असतो.

८. श्वास थांबला आणि प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देत राहावे.

मोटारसायकलवर नेणे का घातक?

गावात गाडी हाताशी नसली की रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून ट्रिपल सीट दवाखान्यात नेतात. हेतू चांगला असतो. पण तीव्र ॲलर्जीत रक्त पायांकडे साचलेले असते. अशा वेळी माणसाला उभे केले, चालवले किंवा ताठ बसवले, तर हृदयाकडे परत येणारे रक्त आणखी कमी होते आणि हृदय अचानक बंद पडू शकते. झोपलेल्या रुग्णाने बरे वाटते म्हणून उठून चार पावले टाकली आणि तो कोसळला, असे यातूनच घडते.

म्हणून जीप, टेम्पो, पिकअप, तेही नसेल तर ट्रॉलीत गोधडी टाकून आडवे न्यावे. बाज किंवा घोंगडीची झोळी करून रस्त्यापर्यंत उचलून न्यावे. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर १०८ च्या माणसांशी बोलून वाटेत गाठ घालावी. दवाखान्याला आधी फोन करून कळवावे.

ॲड्रेनॅलिन कोठे मिळेल? आधीच चौकशी करा

हंगाम सुरू होण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत :

- ॲड्रेनॅलिन उपलब्ध आहे का?
- रात्री व सुटीच्या दिवशी इंजेक्शन देणारे कोण असते?
- ऑक्सिजन आणि सलाइनची सोय आहे का?

सर्पदंशावरील प्रतिविषामुळेही तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून प्रतिविष देणाऱ्या दवाखान्याला ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवावेच लागते. लसीकरण सत्रात परिचारिकेकडेही अशा प्रसंगासाठी ॲड्रेनॅलिनचा संच असतो. आपल्या गावातील सत्राचा दिवस व उपकेंद्राची वेळ आशाताईंकडून कळते. गावातील खासगी डॉक्टरांनाही हेच विचारावे. मिळालेली नावे व फोन क्रमांक पंपघराच्या दारावर लिहून ठेवावेत.

या प्रसंगांत गल्लत करू नये

विंचूदंश : कोकण आणि इतर भागांतील लाल विंचवाच्या दंशात घाम, उलटी, थंड हातपाय, धडधड दिसते. या विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये आधीच वाढलेली असतात. त्यामुळे ॲलर्जीसाठी आणलेले ॲड्रेनॅलिन येथे स्वतःहून वापरू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे यावर प्राझोसिन हे औषध रूढ झाले. ते दवाखान्यातच घ्यावे.

कीटकनाशकाची विषबाधा : फवारणीनंतर लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक बाहुल्या, स्नायू फडफडणे दिसल्यास ती ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची विषबाधा असू शकते. उपचार वेगळा असतो. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे.

भीतीने चक्कर : चेहरा पांढरा पडतो, नाडी मंद असते, गांधी किंवा दम नसतो. आडवे केल्यावर लवकर बरे वाटते. खात्री नसेल तर तीव्र ॲलर्जी समजूनच दवाखाना गाठावा.

आग्या मोहोळाचे अनेक डंख : ॲलर्जी नसली तरी खूप डंखांतील विषामुळे स्नायू व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मोठ्या माणसाला पन्नासच्या आसपास किंवा अधिक डंख, लहान मूल व वृद्धांना त्याहून कमी डंख झाले तरी, त्रास नसला तरीही दवाखान्यात दाखल करावे. लघवी लाल-तपकिरी किंवा कमी झाल्यास तातडीने सांगावे.

बरे वाटल्यानंतर

पहिला झटका ओसरल्यावर काही रुग्णांत लक्षणे पुन्हा येतात. बहुधा हे पहिल्या काही तासांत घडते, क्वचित एक-दोन दिवसांनीही. म्हणून डॉक्टर साधारण ६ ते १२ तास देखरेखीखाली ठेवतात. ‘आता ठीक आहे, धारा काढायच्यात’ म्हणून लवकर घरी येऊ नये.

केसपेपरवर ‘कीटकदंशामुळे ॲनाफिलॅक्सिस’ असे लिहून घ्यावे. पुढील डंखाला पुन्हा असा त्रास होण्याची शक्यता असते. चार ते सहा आठवड्यांनी ॲलर्जी तज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. विषाची अल्प मात्रा वाढवत नेऊन सवय लावण्याचा उपचार कोणाला उपयुक्त आहे, हे तेच ठरवतात. अशा व्यक्तीने पेट्या हाताळणे, पोळे काढणे, एकट्याने मळ्यात राहणे टाळावे.

परागीभवनासाठी पेट्या ठेवणाऱ्यांसाठी सूचना

- पेट्या वाट, गोठा, पाणवठा आणि मजुरांच्या जेवणाच्या जागेपासून दूर ठेवाव्यात.
- कामाला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे : ‘पूर्वी माशी चावून अंगभर त्रास किंवा दम लागला होता का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या प्लॉटवर काम द्यावे. मजुरी बुडेल या भीतीने माणसे सांगत नाहीत, म्हणून काम जाणार नाही हे आधी सांगावे.
- पेट्यांजवळ जाळीची टोपी, हातमोजे, फिकट कपडे वापरावेत. तीव्र वासाचे तेल-अत्तर टाळावे.
- मधमाशीपालनाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर येथील मध संचालनालय या क्षेत्रात काम करतात.

पंपघराच्या दारावर लावण्यासाठी

डंख + दम / चक्कर / अंगभर गांधी = तीव्र ॲलर्जी

१. आडवे झोपवा, उठू देऊ नका.

२. ॲड्रेनॅलिन असेल तर मांडीत द्या. वेळ : ______

३. १०८ वर फोन. आपल्या मळ्याची खूण : ______

४. ॲड्रेनॅलिन असलेला जवळचा दवाखाना : ______ फोन : ______

५. आडवे नेता येईल अशी गाडी : ______ फोन : ______

६. ५ मिनिटांत फरक नाही आणि दुसरी मात्रा जवळ असेल तर पुन्हा द्या.

रिकाम्या जागा आजच भराव्यात आणि तक्ता घरातील मुलांसह सर्वांना एकदा वाचून दाखवावा.

टीप : ही माहिती प्रथमोपचार आणि पूर्वतयारीसाठी आहे. औषध व मात्रा आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावी.